गूळ घातल्यावर एन्झाइम का आटलं?

या वेळच्या टपालात बुरशीच्या एन्झाइमांविषयीची पत्रं जास्त होती, म्हणून पूर्ण सदर त्यांनाच दिलं आहे. प्रश्न वेगवेगळे असले तरी सगळे एकाच जागी येऊन मिळतात. जनुकाच्या अलीकडे डीएनएचा हजारेक अक्षरांचा पट्टा असतो, तो प्रमोटर. त्या घटकेला त्यावर कोणतं प्रथिन बसलं आहे, यावर एन्झाइम होणार की नाही ते ठरतं. अशा प्रथिनांना ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर म्हणतात.

प्रश्न : बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमचं छोटं युनिट आहे. गव्हाच्या कोंड्यावर अ‍ॅस्परजिलस नायजर वाढवून झायलनेज (कोंड्यातलं झायलन फोडणारं एन्झाइम) काढतो. २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये १० ग्रॅम कोंडा आणि १२ मिली क्षारद्रावण घेतो. वाढ जोमाने व्हावी म्हणून त्यात २ ग्रॅम गूळ घातला. बुरशी दाट आली, पण तिसऱ्या दिवशी झायलनेज निम्म्याहून खाली. असं का?

उत्तर : ताट वाढलेलं असताना चूल कोण पेटवणार? बुरशीचंही तसंच आहे. तुमच्या २ ग्रॅम गुळात साधारण १.६ ग्रॅम साखर येते. नायजरचं इन्व्हर्टेज त्यातली सुक्रोज फोडतं आणि जवळजवळ निम्मा भाग ग्लुकोज होतो, म्हणजे ०.८ ग्रॅम. तो १२ मिली पाण्यात विरघळला की लिटरमागे ६५ ग्रॅमच्या आसपास भरतो. प्रयोगशाळेत ग्लुकोजचं दडपण दाखवायला लिटरमागे १० ग्रॅम पुरतात. तुम्ही त्याच्या सहापट दिलात.

इतका ग्लुकोज असला की क्रे-ए नावाचं प्रथिन केंद्रकात जाऊन झायलनेजच्या प्रमोटरवर बसतं आणि जनुक दाबून धरतं. झायलनेज चालू करणारं प्रथिन वेगळं, त्याचं नाव एक्सएलएनआर. ते प्रमोटरवर जी-जी-सी-टी-ए-ए ही अक्षरं ओळखतं, पण झायलोजची, म्हणजे झायलन फुटून निघणाऱ्या साखरेची, चाहूल लागल्याशिवाय कामाला लागत नाही. ट्रायकोडर्मा रीसाय या बुरशीत त्याच्याच भावंडाला झायर-१ म्हणतात. तिथे दडपण दुहेरी आहे, कारण दाबणारं प्रथिन एन्झाइमच्या जनुकांबरोबर खुद्द झायर-१ च्या जनुकालाही आवरतं.

झायलोजची मात्राही सांभाळावी लागते. नायजरमध्ये १ मिलिमोलर झायलोज, म्हणजे लिटरमागे जेमतेम ०.१५ ग्रॅम, उत्तम चालना देतो. तोच झायलोज बराच वाढवला की क्रे-ए जागं होतं आणि उत्पादन घसरतं. कोंडा इतका गुणी का, ते यावरून कळेल. त्यातलं अरॅबिनोझायलन, म्हणजे झायलनचाच एक प्रकार, सावकाश फुटतं आणि झायलोज थेंबाथेंबाने सुटत राहतो. तुमच्या कामाला तेच हवं आहे.

मात्र दोष क्रे-एचाच आहे याची आधी खात्री करा. साखर वाढली की बुरशी उष्णताही जास्त सोडते. बडोद्याच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये कोंड्याच्या थराचं तापमान ४० अंशांपलीकडे गेलं, तर एन्झाइम त्यानेही पडेल. शिवाय साखरेवर नायजर आम्ल सोडतं आणि पीएच ३ च्या खाली गेला की तिचे प्रोटीएज, म्हणजे प्रथिनं फोडणारे एन्झाइम, झायलनेजलाच खाऊ लागतात. ही तीन कारणं वेगळी काढायला असे फ्लास्क लावा :

पहिला गट नुसत्या कोंड्याचा. दुसऱ्यात सुरुवातीलाच २ ग्रॅम गूळ. तिसऱ्यात ४८ आणि ७२ तासांनी ०.२ ग्रॅम गूळ अर्धा मिली पाण्यात विरघळवून, निर्जंतुक करून शिंपडायचा. १२१ अंशांवर ३० मिनिटं ऑटोक्लेव्ह, ग्रॅममागे एक कोटी बीजाणू, ३० अंश तापमान. २४, ४८, ७२, ९६ आणि १२० तासांसाठी प्रत्येक गटाचे तीन-तीन वेगळे फ्लास्क ठेवा. एकच फ्लास्क पुन्हापुन्हा उघडून नमुना घेऊ नका, थर मोडतो आणि हवा बदलते. प्रत्येक वेळी थराच्या मध्यात तापमापी खुपसून आकडा लिहा. ग्रॅममागे १० मिली ०.०५ मोलर सायट्रेट बफर घालून अर्धा तास हलवा, गाळा आणि त्यातला ग्लुकोज मोजा. त्यासाठी पॅथॉलॉजी लॅबमध्ये वापरतात ते ग्लुकोज ऑक्सिडेज-पेरॉक्सिडेज किट चालतं. पीएच मात्र सायट्रेटच्या अर्कात कळणार नाही, त्यासाठी थोडा कोंडा साध्या पाण्यात ढवळून वेगळा घ्या.

दुसऱ्या गटात ग्लुकोज संपताच एन्झाइम उशिरा का होईना वर येऊ लागलं, तर दोषी क्रे-ए. ग्लुकोज संपूनही ते आलं नाही, तर तापमानाच्या आणि पीएचच्या आकड्यांकडे वळा.

मोजणीतला एक खड्डाही बुजवून घ्या. डीएनएस पद्धतीत झायलनेजने सोडलेली साखर रंगावरून मोजतात, पण गुळातली रिड्यूसिंग साखरही रंग देते. प्रत्येक अर्काचा झायलन न घातलेला ब्लँक वजा केला नसेल, तर तुमचं ‘निम्मं’ प्रत्यक्षात त्याहूनही कमी असेल.

गूळ वापरायचाच असेल तर तो बीजकल्चरपुरता, एक-दोन टक्के ठेवा. आणि कोंडा घेताना जाडा घ्या. बारीक कोंड्याला पीठ चिकटलेलं असतं आणि नायजरची अमायलेज त्या पिठाचाही ग्लुकोज करते. चिमूटभर कोंड्यावर आयोडीनचा थेंब टाका. सगळाच गडद निळा झाला, तर तो कोंडा कोमट पाण्याने दोनदा धुऊन मग वापरा. गिरणी बदलली की उत्पादन बदलतं, त्यामागे पुष्कळदा हेच असतं.

प्रश्न : मी बारावीला जीवशास्त्र शिकवते. मुलं विचारतात, डीएनएची अक्षरं तर दोन धाग्यांच्या आत दडलेली असतात. मग प्रथिन ती वाचतं कसं? आधी धागे उलगडावे लागतात का? — रावपुरा, बडोदा

उत्तर : उलगडावे लागत नाहीत. पिळाच्या बाहेरच्या अंगाला दोन खाचा असतात, एक रुंद, एक अरुंद. रुंद खाच साधारण २.२ नॅनोमीटरची. अक्षरांच्या जोड्यांच्या कडा त्या खाचेत उघड्या असतात. कुठे हायड्रोजन द्यायला तयार अणू, कुठे घ्यायला तयार अणू, कुठे थायमिनचा मिथाइल गट. चारही जोड्यांची, म्हणजे ए-टी, टी-ए, जी-सी आणि सी-जी यांची, नक्षी या खाचेत वेगवेगळी दिसते. अरुंद खाचेत ए-टी आणि टी-ए यांतला फरक जवळजवळ कळत नाही, म्हणून बहुतेक प्रथिनं रुंद खाचेतूनच वाचतात. अंधारात बोटांनी किल्लीचे दाते चाचपावेत तसं म्हणा.

एक्सएलएनआर, झायर-१ ही ज्या घराण्यातली, ते घराणं जवळजवळ बुरशींचंच आहे. यांच्या टोकाशी सहा सिस्टीन असतात आणि ते मिळून जस्ताचे दोन अणू धरून ठेवतात. त्या जस्तामुळे प्रथिनाचा तो भाग ताठ राहतो आणि त्यातली छोटी हेलिक्स (पिळाचा तुकडा) बरोबर खाचेत बसते. यीस्टचं गॅल-४ हे याच घराण्यातलं, सर्वांत जास्त अभ्यासलेलं. त्याची जोडी असते आणि प्रत्येक अर्धं सी-जी-जी ही तीनच अक्षरं वाचतं. मुलांना इथे फळ्यावर आकृती काढून दाखवा : गॅल-४ ला दोन्ही टोकांच्या तिकड्यांमध्ये ११ अक्षरांचं अंतर लागतं, पुट-३ ला १०, पीपीआर-१ ला ६. तिकडी सगळ्यांची तीच, पण मधलं अंतर बदललं की मालक बदलतो. अ‍ॅस्परजिलसचं अमायलेज चालू करणारं अ‍ॅमी-आर सी-जी-जी आणि दुसरी तिकडी यांच्यात ८ अक्षरं मागतं.

धागे उघडतात ते नंतर, जनुक सुरू होतं त्या जागी, आरएनए पॉलिमरेज आणि तिच्या मदतनीस प्रथिनांकडून. फॅक्टरचं काम त्या मंडळींना तिथे बोलावण्याचं.

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी कमाटी बागेतल्या कुजक्या पाल्यावरून एक अ‍ॅस्परजिलस वेगळी केली. तिच्या सेल्युलेजच्या (सेल्युलोज फोडणाऱ्या एन्झाइमच्या) जनुकाच्या १००० अक्षरांच्या प्रमोटरमध्ये संगणकाने क्रे-एच्या ५ जागा दाखवल्या. ‘हे जनुक क्रे-एच्या ताब्यात आहे’ असं लिहू का?

उत्तर : एवढ्यावर नको. आधी कागदावर गणित करा. क्रे-एची जागा अशी लिहितात : एस-वाय-जी-जी-आर-जी. एस म्हणजे जी किंवा सी, वाय म्हणजे सी किंवा टी, आर म्हणजे ए किंवा जी. तीन ठिकाणी दोन-दोन पर्याय, म्हणजे सहा अक्षरांच्या ४०९६ शक्य रचनांपैकी ८ चालतात. दर ५१२ अक्षरांमागे एक जागा नुसत्या योगायोगाने येणार. धागे दोन, म्हणून दर २५६ मागे एक. १००० अक्षरांत सुमारे ४ जागा कोणत्याही प्रमोटरमध्ये निघतील, मग ते सेल्युलेजचं असो वा नसो. तुमच्या ५ जागांत विशेष काही नाही.

एक्सएलएनआरची जी-जी-सी-टी-ए-ए ही जागा पक्क्या सहा अक्षरांची आहे, तरी तीही दर २०४८ अक्षरांमागे एकदा आपोआप येते. ट्रायकोडर्मा रीसायचा जीनोम सुमारे ३.४ कोटी अक्षरांचा. त्यात अशा साडेसोळा हजार जागा निव्वळ योगायोगाने निघतात आणि जनुकं आहेत नऊ हजारांच्या घरात. झायर-१ या सगळ्या जागांवर काम करत नाही हे उघड आहे. कित्येक जागा हिस्टोनच्या, म्हणजे डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांच्या, गुंडाळीत अडकलेल्या असतात. एका गुंडाळीत १४७ अक्षरं जातात आणि आतल्या बाजूची खाच प्रथिनाला मिळतच नाही.

मग वजन कशाला द्यायचं? अ‍ॅस्परजिलस निड्युलन्समध्ये क्रे-एच्या खऱ्या कामाच्या जागा बहुधा जोडीने, जवळजवळ सापडतात. तुमच्या पाचांपैकी दोन शेजारी असतील तर तिथून सुरुवात करा. जवळच्या दोन-तीन जातींतल्या त्याच जनुकाचे प्रमोटर शेजारी मांडा. आजूबाजूची अक्षरं बदलली असताना या जागा टिकून राहिल्या असतील, तर ती चांगली खूण.

खरा पुरावा जागा मोडूनच मिळतो. मधल्या दोन जी बदलून टी करा, जी-टी-जी-जी-जी-जी चं जी-टी-टी-टी-जी-जी. बदलाने दुसऱ्या कुठल्या प्रथिनाची जागा नकळत तयार झाली नाही ना, ते तपासा. मूळ आणि मोडलेला, दोन्ही प्रमोटर एकाच रिपोर्टर जनुकापुढे (ज्याचं उत्पादन सहज मोजता येतं अशा जनुकापुढे) लावून जीनोममध्ये एकाच ठरलेल्या ठिकाणी, एकाच प्रतीत बसवा. इथेच बहुतेक प्रकल्प घसरतात. प्रत कुठेही, कितीही वेळा घुसली की फरक प्रमोटरमुळे आहे की जागेमुळे, ते सांगता येत नाही. प्रत्येकाचे किमान तीन स्वतंत्र ट्रान्सफॉर्मंट (जनुक बसवलेल्या बुरशी) घ्या आणि ग्लुकोज असताना, नसताना मोजा. प्रकल्पाचे महिने तेवढे नसतील तर ‘संभाव्य जागा’ एवढंच लिहा, त्यात कमीपणा काही नाही.

प्रश्न : झायर-१ चा डीएनए धरणारा भाग जीएसटी टॅग (शुद्ध करायला सोपं जावं म्हणून जोडलेलं प्रथिन) लावून ई. कोलायमध्ये केला. जेलवर प्रथिन स्वच्छ दिसतं. पण एम्सामध्ये (प्रथिनाने डीएनए धरला की त्याची पट्टी जेलमध्ये मागे राहते, त्या चाचणीत) प्रोबची, म्हणजे खूण लावलेल्या डीएनए तुकड्याची, पट्टी जागची हलत नाही. बफर नेहमीचाच : ट्रिस, १ मिलिमोलर ईडीटीए, १५० मिलिमोलर मीठ. — संशोधक विद्यार्थी, बडोदा

उत्तर : तुमचा अपराधी तुम्हीच लिहून पाठवला आहे, ते १ मिलिमोलर ईडीटीए. हे प्रथिन जस्तावर उभं आहे आणि ईडीटीए जस्त काढून घेतं. जस्त गेलं की तो भाग सैल पडतो. साध्या एसडीएस जेलवर हे कळतच नाही, कारण तिथे प्रथिन मुळात उलगडलेलंच असतं.

प्रथिन नव्याने करा. वाढीच्या माध्यमात ५० ते १०० मायक्रोमोलर झिंक क्लोराइड घाला, १८ अंशांवर रात्रभर, ०.२ मिलिमोलर आयपीटीजी. पेशी फोडण्यापासून साठवणीपर्यंत कुठेही ईडीटीए नको. प्रोटीएज इन्हिबिटरची गोळीसुद्धा ईडीटीएविना मिळते ती घ्या. फॉस्फेट बफर टाळा, त्यात झिंक फॉस्फेटचा गाळ बसतो. प्रथिनाच्या बफरमध्ये १० ते २० मायक्रोमोलर झिंक सल्फेट आणि १ मिलिमोलर ताजं डीटीटी ठेवा. जस्त शेकडो मायक्रोमोलरवर नेलंत तर प्रथिन गठ्ठे करून खाली बसेल. हातातलं जुनं प्रथिन अशाच बफरमध्ये डायलिसिस करून कधीकधी सावरतं, पण सिस्टीन एकदा ऑक्सिडाइझ झाले असतील तर त्यावर वेळ घालवू नका.

जेलचंही बघा. ०.५एक्स टीबीई बफरमध्ये १ मिलिमोलर ईडीटीए आपसूकच असतं. त्याऐवजी ट्रिस-ग्लायसिन किंवा ईडीटीए न घातलेलं ट्रिस-बोरेट घ्या. ५ किंवा ६ टक्क्यांचं जेल, आधी अर्धा-पाऊण तास रिकामं चालवून मग नमुने, ८० ते १०० व्होल्ट आणि सगळं ४ अंशांवर. फ्रीजमध्ये जागा नसेल तर टाकी बर्फात ठेवा. उन्हाळ्यात टेबलावर चालवलेल्या जेलमध्ये प्रथिन आणि डीएनएची जोडी वाटेतच सुटते आणि पट्टीऐवजी धुरकट पट्टा दिसतो.

प्रोब ३० ते ४० अक्षरांचा आणि जी-जी-सी-टी-ए-ए बरोबर मध्यावर हवी. टोकाशी असली तर प्रथिनाला टेकायला दोन्हीकडे डीएनए उरत नाही. दोन धागे जोडताना नुसत्या पाण्यात उकळून थंड करू नका. ५० मिलिमोलर मीठ असल्याशिवाय ते नीट जुळत नाहीत आणि मग तुम्ही एकेरी धाग्यावर प्रयोग करत बसता. ९५ अंशांवर ५ मिनिटं, मग हीटब्लॉक बंद करून तिथेच निवू द्या.

जोडणीचं मिश्रण २० मायक्रोलिटर : २० मिलिमोलर हेपीस पीएच ७.९, ५० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड, ५ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, ५ टक्के ग्लिसरॉल, १ मिलिमोलर डीटीटी, १० मायक्रोमोलर जस्त, मिलीमागे ०.१ मिलिग्रॅम बीएसए. प्रोब १ ते ५ नॅनोमोलर, प्रथिन १० नॅनोमोलरपासून १ मायक्रोमोलरपर्यंत पायरीपायरीने. पॉली डीआय-डीसी (प्रथिनाची भलतीकडची पकड शोषून घेणारा कृत्रिम डीएनए) शुद्ध प्रथिनाला ५० ते १०० नॅनोग्रॅम पुरतं. पेशींच्या अर्कासाठी लिहिलेली १ मायक्रोग्रॅमची मात्रा तशीच उचलली, तर दुबळी पकड सुटून जाते. २० मिनिटं खोलीच्या तापमानाला ठेवा. ब्रोमोफिनॉल ब्लू नमुन्यात घालू नका, जेलच्या बाजूच्या रिकाम्या खळग्यात घाला. काही प्रथिनांची पकड तो रंगच सोडवतो.

पट्टी हलली की लगेच आनंद मानू नका. बिनखुणेचा तोच प्रोब १०० पट घाला, पट्टी नाहीशी व्हायला हवी. जागा मोडलेला प्रोब १०० पट घातल्यावर ती टिकायला हवी. दोन्हींत नाहीशी झाली तर पकड डीएनएची आहे, जागेची नाही. सगळं जेलच्या खळग्याच्या तोंडाशीच अडकलं तर प्रथिनाचे गठ्ठे झाले आहेत. आणि जीएसटी स्वतःच जोडीने राहतं, त्यामुळे तुमचं प्रथिनही नकली जोडीत बांधलं जातं. जोडीबद्दल काही म्हणायचं असेल, तर टॅग कापून पुन्हा एम्सा करा. तो कापलेला निकालच छापण्याजोगा.

प्रश्न : ग्लुकोअमायलेजच्या (पिष्टाचा ग्लुकोज करणाऱ्या एन्झाइमच्या) प्रमोटरमागे लायपेजचं (चरबी फोडणाऱ्या एन्झाइमचं) जनुक लावून नायजरमध्ये ८ प्रती बसवल्या. लायपेज फक्त दुप्पट झालं आणि बुरशीचं स्वतःचं ग्लुकोअमायलेज घटलं. ही कसली वजाबाकी?

उत्तर : अ‍ॅमी-आर, म्हणजे हा प्रमोटर चालू करणारं प्रथिन, मर्यादित असतं. प्रमोटरच्या प्रती वाढल्या, पण त्यांवर बसायला माणसं तेवढीच राहिली, म्हणून प्रत्येकीच्या वाट्याला कमी आलं. ग्लुकोअमायलेजची घट ही त्याचीच खूण. बुरशीची अल्फा-अमायलेजही मोजा, तिच्यावरही अ‍ॅमी-आरचंच राज्य आहे. तीही घटली असेल तर निदान पक्कं.

लायपेजचा एमआरएनए (जनुकाची आरएनए नक्कल) क्यूपीसीआरने मोजून प्रतींच्या संख्येने भागा. प्रतीमागचा आकडा पडला असेल तर अ‍ॅमी-आरचं जनुक आणखी एक-दोन प्रतींत बसवून पाहा. एमआरएनए आठपटीच्या जवळ आणि प्रथिन तेवढं दुप्पट असेल, तर मात्र प्रमोटरचा संबंध नाही. अडलं आहे ते प्रथिनाच्या घडीपाशी, बाहेर टाकण्यापाशी किंवा प्रोटीएजपाशी. अशा वेळी प्रती आणखी वाढवल्या तर नुकसानच होईल.

प्रश्न : माध्यमात अमोनियम सल्फेटऐवजी सोडियम नायट्रेट वापरलं. एक झायलनेज जवळजवळ गेलं, दुसरं वाढलं. हे नायट्रोजनमुळे की पीएचमुळे?

उत्तर : दोन्ही शक्य आहेत, कारण तुम्ही एका हाताने दोन कळा फिरवल्या आहेत. अमोनियम शोषताना बुरशी पीएच खाली आणते, नायट्रेट शोषताना वर नेते. पीएच वर गेला की पॅक-सी नावाच्या प्रथिनाची शेपटी दोन टप्प्यांत कापली जाते, ७२ किलोडाल्टनचं आधी ५३, मग २७. हा आखूड तुकडा जी-सी-सी-ए-आर-जी या जागेवर बसतो. अ‍ॅस्परजिलस निड्युलन्समध्ये झायलनेज-ए अल्कधर्मी पीएचवर येतं, झायलनेज-बी आम्लधर्मी पीएचवर. तुमचं चित्र त्याच्याशी जुळतं. पण अमोनियम काढल्यावर नायट्रोजनवर लक्ष ठेवणारं अरे-ए हे प्रथिनही जागं होतं, म्हणून एवढ्यावर थांबू नका.

दोन्ही नायट्रोजन एकाच पीएचला घ्या. ०.१ मोलर एमईएस बफर, पीएच ६. सायट्रेट नको, बुरशी ते कार्बन म्हणून खाते. दर १२ तासांनी पीएच तपासा आणि ०.३ पेक्षा जास्त सरकला तर तो प्रयोग बाद धरा. बफरमध्ये दोन्ही माध्यमांतला फरक मिटला तर कारण पीएच, टिकला तर नायट्रोजन, आणि अर्धा उरला तर दोन्ही. मग पीएच ४.५ आणि ७.५ ला हाच प्रयोग परत लावा. मात्र या दोन्ही पीएचना एमईएस चालत नाही, ७.५ ला हेपीस आणि ४.५ ला सक्सिनेट घ्या आणि सक्सिनेट घातलेला, न घातलेला असे दोन्ही फ्लास्क ठेवा, कारण तोही थोडाफार खाल्ला जातो.